पहिला गडवा

बाबा आसगावहून आले तेव्हा सोबत दोनच वस्तू होत्या. कपड्यांची पिशवी आणि पाणी भरून ठेवायचा आईचा तांब्याचा गुंड. खाटही आणा, टेम्पो मी ठरवून देते, असं मी फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, "खाट आनली म्हंजे मुक्काम झाला, बाई. मी पाहुना म्हनून येऊन राहिलो. पाय चालाले लागला का चाललो."

बोडीच्या पाळीवरून घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं आमच्याकडचं छोटं तळं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, आता वॉकर धरून घरात फिरता येत होतं. आई गेल्यापासून ते गावात एकटेच राहत. पुन्हा पडले तर उचलायला कोणी नाही. त्यांनी आता इथंच राहावं, एवढंच मला हवं होतं. पण हे मी कोणत्याही यादीत लिहिलं नव्हतं. यादीत मी हातानं उरकता येतील अशीच कामं लिहिते.

याद्या मात्र भरपूर. लाखनीत हायवेला लागून आमचं औषधांचं दुकान आहे आणि त्याच्यावर घर. संपलेली औषधं, मागवायची औषधं, किराणा, गॅस, सगळं कागदावर. बाबांसाठी त्यांच्या गादीजवळ एक कागद लावला. कोणती गोळी कधी, वॉकर कुठे ठेवायचा, आणि लाल शाईत: पायऱ्या चढायच्या नाहीत. आमचे हे तो कागद वाचून म्हणाले, "यात मी कुठं आहो का?"

"दुसऱ्या यादीत. दूध आनने," मी म्हटलं. "तिथं तुम्हीच आहा."

हॉलमध्ये आतल्या भिंतीला माझी माशांची काचेची पेटी. मुलगी शिकायला नागपूरला गेली आणि तिच्या टेबलाची जागा रिकामी पडली. रिकामी जागा मला बघवत नाही. तिथं लोखंडी स्टँड करून घेतला, हायवेच्या ट्रकांनी काच थरथरू नये म्हणून खाली थर्माकोल घातला आणि वर पेटी ठेवली. आधी माती, त्यावर वाळू, मग झाडं. लाकडाला दोऱ्यानं बांधलेलं शेवाळ, रुंद पानांची एक-दोन झुडपं, मागे उंच गवत. झाडं धरेपर्यंत आत एकही जीव सोडला नाही. ती धरली तेव्हा लाल झिंगे, म्हणजे कोळंबी, सोडले, नखाएवढे. झिंग्यांना लपायच्या जागा पाठ झाल्या तेव्हा सगळ्यात शेवटी फायटर मासा. निळा, मागे झालरीसारखी शेपटी. हा क्रम महत्त्वाचा. फायटर आधी सोडला तर पूर्ण पेटी आपली समजतो आणि नंतर येणाऱ्याच्या मागे लागतो. तरी प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. माझा आळशी निघाला. एखाद्या झिंग्याजवळ जायचा, बघायचा आणि पुढे सरकायचा.

बाबांनी आयुष्यभर तलावात जाळं टाकलं. पहिल्या दिवशी ते पेटीसमोर वॉकर धरून उभे राहिले.

"हे झिंगे होय?"

"हो."

"कायले ठेवले?"

"पाहाले."

ते माझ्याकडे वळले. "पाहाले? झिंगे? अवं, एवढ्यात तं एका मानसाची भाजीबी नाई होत."

जावयाला हसू आवरेना. बाबा त्यांना म्हणाले, "हसून काय राहिले, जावईबापू? माही पोरगी आहे ना ही? का दवाखान्यात बदलून देली होती?"

तो विनोद झाला, पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आसगावच्या एसटीचा हट्ट. "मले मोटारीत बसवून दे." जेवण अर्धं. कोणी आलं की भिंतीकडे तोंड. टीव्ही लावला तर आवाज बंद करायला सांगत. मी आवाज बंद करायची, गोळी द्यायची आणि खाली दुकानात उतरायची. ताप-सर्दीचे दिवस होते, धान निसवायला लागलं होतं, दुकानात पाय ठेवायला जागा नसायची.

मग हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. मी उठायच्या आधीच बाबा उठून पेटीसमोर खुर्ची घेऊन बसलेले असत. मी चहा घेऊन गेले की बातमी देत. "तो मोठा झिंगा कात टाकून बसला. त्या पानाखाली पाह्य." किंवा, "तुहा निळा लय गर्वाचा. दाना समोर पडला तरी आधी फिरून येते, मंग खाते." मोटारीचं नाव दोन-तीन दिवसांआड निघायला लागलं. पोळी एकीची दीड झाली. मी फक्त खुर्चीवर एक उशी ठेवली.

आणि नेमके तेव्हाच झिंगे मरायला लागले.

आधी एक, वाळूवर आडवा. मग रोज एखादा. मी कामाला लागले. पहिला संशय अर्थातच फायटरवर. त्याला काढून लोणच्याच्या मोठ्या बरणीत ठेवलं. बाबांना ते अजिबात पटलं नाही.

"त्या बिचाऱ्याले काहून कोंडलं?"

"तोच मारत असंन."

"मारले असते तं खाल्ले असते. हे तं आख्खे पडून राहिले." ते बरणीकडे वाकले. "तू राह्य रे बाबू. मी सांगतो तिले."

बाबांचं म्हणणं खरं निघालं. फायटर बरणीत असतानाही झिंगे जातच राहिले. मग मी डास मारायची मशीन हॉलमधून काढली. उदबत्ती बंद. नळाचं पाणी आधीच बादलीत दोन दिवस ठेवून वापरायची, तेही आता भांडं बदलून. दाण्यांची डबी फेकून नवी आणली. माशांचं एक औषध दुकानात होतं, ते हातात घेऊन परत ठेवलं, कारण त्यात तांबं होतं. तांबं झिंग्यांना अजिबात चालत नाही, हे मला सुरुवातीपासून माहीत होतं. पेटीचं पाणी या दिवसांत खाली उतरत नव्हतं, हेही दिसलं होतं. ओल्या हवेत उडत नसेल, असं धरून चालले.

एका सकाळी मला लवकर जाग आली. बाबा स्वयंपाकघरातून येत होते. एका हातात वॉकर, दुसऱ्या हातात गडवा, आमच्याकडचा लोटा. दोन पावलं टाकायचे, थांबायचे, सांडू नये म्हणून गडवा सरळ धरायचे, पुन्हा दोन पावलं. पेटीपाशी पोचल्यावर त्यांनी झाकण सरकवलं, झाडांच्या बाजूला हळूहळू पाणी ओतलं आणि हात जोडले.

"बाबा, काय करून राहिले?"

ते दचकले नाहीत. "तुह्या मायनं तुरशीले पानी घातल्याबिगर कधी चाय नाई पेली. ती गेल्यावर मी घालत होतो. इथं तुरस वर गच्चीवर. पायऱ्या चढू नाई देत तू." त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. "घरात हिरवं हेच आहे. तं पयला गडवा याले."

आणि तो गडवा भरलेला होता गुंडातून. रात्रभर तांब्यात राहिलेलं, आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं पाणी. तो गुंड दर आठवड्याला चिंच लावून मीच लखलखीत घासत होते, बाबांना आवडतो म्हणून. औषधाच्या बाटलीवरचं तांबं मी वाचलं. ओट्यावरचं मला दिसलं नाही.

सांगावं की नाही, याचा विचार मी चहा उकळेपर्यंत केला. नाही सांगितलं तर ते उद्याही ओततील. गुंड लपवला तर विचारतील. मला गोलगोल बोलता येत नाही. त्यांच्या हातात कप दिला आणि सांगितलं.

"बाबा, गुंडाच्या पान्यात थोडं तांबं उतरते. आपल्याले चालते. माशालेही एवढं काही होत नाही. पन झिंग्यांना सहन नाही होत. रोज थोडं थोडं साठत गेलं."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजे मी मारले?"

"तुम्हाले माहीत नव्हतं."

"जनमभर मारले, त्याचं काही नाई वाटलं. ते खायाचे होते." त्यांनी पेटीकडे पाहिलं. "हे तं पाहायाचे होते."

दुसऱ्या दिवशी खुर्ची भिंतीला लावलेली होती आणि बाबा पिशवी मांडीवर घेऊन गादीवर बसले होते. आत कपडे, वरून गुंडाचा काठ दिसत होता. "मले मोटारीत बसवून दे." आधी ते कुरकुरत म्हणायचे. आज अगदी हळू म्हणाले आणि त्याचीच मला भीती वाटली.

विनवण्या केल्या असत्या तर ते आणखी आत गेले असते. मी म्हटलं, "उद्या बसवून देईन. आज मले तुमचं काम आहे. पेटीत अजून काही झिंगे जिवंत आहेत. पानी बदलाचं आहे, पन एकदम नाही, थेंबाथेंबानं. एकदम बदललं तं उरलेलेही जातील. कोनीतरी समोर बसून राहाले पाहिजे. मी बसू शकत नाही, खाली गर्दी आहे."

उत्तराची वाट न पाहता मी दुकानातून सलाइनची नळी आणली. साध्या पाण्याची बादली उंच स्टुलावर ठेवली, नळीचं एक टोक तीत, दुसरं पेटीत आणि चाक फिरवून थेंब लावला. पेटीतलं जुनं पाणी आधीच थोडं काढून घेतलं होतं.

बाबा बघत होते. "हेच मले लावलं होतं ना दवाखान्यात?"

"हेच."

"अन् तू बाजूले बसून पाहत होती."

"हो."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. खुर्ची मी सरकवून दिली. दिवसभर ते त्या थेंबांवर नजर ठेवून बसले. खाली दुकानात मला वरून हाका ऐकू येत होत्या. "बाई, जोरात पडून राहिलं!" मी वर जाऊन चाक फिरवायची. "बाई, बादली संपली!" आमचे हे एकदा चिडून म्हणाले, "सासऱ्यांना नर्सची नोकरी लावून दिली वाटतं." बाबांनी ऐकलं. "पगार मांगाले येतो खाली," वरून उत्तर आलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा असा आवाज ऐकला होता.

एका दिवसात हे काम संपणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही थेंब, तिसऱ्या दिवशीही. मोटारीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. दरम्यान आमच्या ह्यांनी आणि मी गच्चीवरची तुळस उचलून खाली आणली. हायवेच्या बाजूला धुळीनं टिकली नसती म्हणून मागच्या गॅलरीत ठेवली, पायरी नसलेल्या ठिकाणी. गुंड पिशवीतून काढून पुन्हा ओट्यावर ठेवला. बाबांनी बघितलं.

"हे पानी आता कोनाले?"

"पयला गडवा तुळशीले. मंग तुम्हाले. पेटीले बादलीतलं."

"असं आधी सांगाचं ना," ते म्हणाले.

झिंग्यांचं मरण थांबलं. थोडेच उरले होते, तेही शेवाळात दडून बसलेले, दिवसचे दिवस दिसायचे नाहीत. नवे आणायला नागपूरला जावं लागेल, म्हणून मी ते यादीत टाकलं. फायटर अजून बरणीत होता आणि बाबा रोज त्याची वकिली करत होते. "गुन्हा माहा, कैद त्याले. सोड ना." मी म्हणायची, अजून थोडं थांबा.

एका दुपारी दुकान जेवायला बंद करून वर आले तर बाबांनी हात वर करून मला दारातच थांबवलं.

"धावत नको येऊ. हरू ये. डोरे लावून पाह्य."

मी वाकले. शेवाळावर काही दिसेना. त्यांनी काचेला न लावता बोट धरलं. तिथं धुळीच्या कणाएवढं काहीतरी होतं. ते हललं. त्याला पाय होते. त्याच्या बाजूला आणखी एक. मग डोळ्यांना सवय झाली आणि फांदीफांदीवर दिसायला लागले, पारदर्शक, मिशा हलवत शेवाळ चरणारे. पोटाखाली अंडी धरून एखादी झिंगी आत तगली असली पाहिजे. आम्ही थेंब लावून बसलो होतो तेव्हा ती तिथंच होती.

बाबा खुर्चीतून पुढे वाकले होते. मीही तशीच वाकून राहिले. बाहेरून एक जड ट्रक गेला, पाण्यावर बारीक थरथर आली आणि गेली. पिल्लांनी चरणं सोडलं नाही.

"निळ्याले आता सोडलं तं तो खाईन याईले," मी म्हटलं.

"एखाददुसरा खाईन. तरावातबी तसंच होते." ते बरणीकडे बघत होते. "पन त्याले बरनीत नको ठेवू. शेवार अजून लाव. दाट कर. लपाले जागा पाहिजे, बस. मी लक्ष ठेवतो."

"किती दिवस ठेवाल लक्ष?"

"मोठे होतवरी."

संध्याकाळी आम्ही शेवाळाची आणखी एक जुडी लाकडाला बांधली. दोरा बाबांनी बांधला. जाळं विणणाऱ्या बोटांची ती गाठ होती, माझ्या गाठीपेक्षा बारीक. मग बरणी पेटीत तिरपी केली आणि फायटर शेपटी पसरून बाहेर आला, एक फेरी मारली आणि आपल्या नेहमीच्या रुंद पानावर जाऊन टेकला.

बाबा खुर्चीत मागे रेलले, कंबरेवर हात ठेवून. "खाली गादीवर झोपून लय दुखते," ते म्हणाले. मी बामाची ट्यूब आणायला उठले, तर त्यांनी थांबवलं.

"तो टेम्पोवाला आहे ना तुह्या ओरखीचा?"

"आहे."

"त्याले सांग. आसगावची माही खाट घेऊन ये म्हना."

मी कागद ओढला आणि लिहिलं: खाट.