डब्यातल्या चार नळ्या

माझी थुंकी फ्रिजमध्ये ठेवायची आहे हे सासूबाईंना कसं सांगायचं, याचाच विचार मी रामदासपेठेतल्या दवाखान्यातून सक्करदऱ्याला घरी येईपर्यंत करत होते.

माझे पती जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. वाडीजवळ, अमरावती रस्त्यावर, ट्रकच्या बाजूनं स्कूटर पुढे काढताना ते गेले. मी मागे बसले होते. माझं नुसतं मनगट मोडलं. ते जुळून आलं. पण कुठेही ट्रकचा ब्रेक फुसकन वाजला की माझे पाय थिजत आणि मी पुन्हा त्या रस्त्यावर असे. शिवाय एक गोष्ट होती. स्कूटर पुढे काढा, असं त्यांना मीच म्हटलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाईंना तर नाहीच. त्यांचा तो एकुलता मुलगा, आणि आता घरात आम्ही दोघीच.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. एकदा कपाटांच्या मधोमध अशी गोठून उभी राहिले, तेव्हा सोबतच्या बाईंनी मानसोपचाराच्या डॉक्टर शोधून दिल्या. डॉक्टर माझ्याहून लहान. उपचार म्हणजे बोलणं, त्या म्हणाल्या. डोळे मिटून तो दिवस पुन्हा पुन्हा सांगायचा, फोनवर रेकॉर्ड करायचा, घरी रोज ऐकायचा. त्याआधी आणि शेवटी लाळेची तपासणी. कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक सकाळी उठल्यावर चढतं आणि दिवसभर उतरत जातं. माझं कसं चालतं ते त्यांना पाहायचं होतं. दिवसातून चार वेळा कापसाची गुंडाळी तोंडात धरायची, नळीत घालायची आणि नळी थंड ठेवायची.

आमच्या घरी उष्टा लाडूसुद्धा फ्रिजमध्ये जात नाही.

"थुंकी?" सासूबाई म्हणाल्या. "फ्रिजमंदी? तिथं नैवेद्याचं दूध आहे वं!"

"नळ्या घट्ट बंद आहेत, आई."

"बंद असो का उघडी, थुंकी ते थुंकी. काय पाहून राहिली ते डॉक्टरीण त्याच्यात?"

"मला किती ताण आहे ते."

"मले विचारलं असतं तर मी असंच सांगितलं असतं."

मग त्या स्टूल घेऊन फळीपाशी गेल्या. ह्यांचा ऑफिसचा स्टीलचा डबा तिथं होता, दीड वर्ष कुणी हात न लावलेला. तो पदरानं पुसून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"याच्यात ठेव. त्याचं उष्टं तू खातच होती. तुझं त्याच्या डब्यात चालते."

अहवाल आला तेव्हा मी चकित झाले. मला वाटलं होतं आकडा आभाळाला भिडेल. उलट सकाळचा चढ जवळजवळ नव्हताच.

"एवढी भीती, आणि कमी?"

"काहींचं असं दिसतं, काहींचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आम्हालाही सगळं उलगडलेलं नाही."

बोलण्याच्या बाबतीत मी माझ्या सवयीनं वागले. तो दिवस आधी लिहून काढला. चार पानं. खाडाखोड केली, विशेषणं कमी केली आणि जवळजवळ पाठ केला. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी रेकॉर्डिंग थांबवलं.

"तुम्ही सांगत नाही आहात, धडा म्हणताय. आणि दर वेळी ट्रकच्या मागून एकदम रस्त्यावर पडलेल्या असता. मधे काय झालं?"

मधलं एक वाक्य मी पहिल्याच मसुद्यात गाळलं होतं. पुढच्या आठवड्यात पानं घरीच ठेवली आणि ते सांगितलं. "अहो, काढा ना पुढे, किती वेळ हा धूर खायचा?" त्यांचं हेल्मेट जरासं हललं होतं आणि स्कूटरनं वेग घेतला होता.

मग ते रोज ऐकलं. पहिले काही दिवस मी ते मधेच बंद करायचे, नंतर नुसता घाम यायचा, पुढे तोही नाही. पण ज्या बाईच्या हातचं मी रोज जेवत होते, तिला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावर ती मला वाढील का, हे मला माहीत नव्हतं.

एका दुपारी त्या मेथी निवडत होत्या. मी समोर बसून सांगून टाकलं. त्यांचे हात चालूच राहिले.

"मग?"

"मग काय, आई. मी म्हटलं म्हणून त्यांनी काढली."

"तुझं ऐकून? त्यानं?" त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "सायकल घेऊन देली तवापासून मी त्याले सांगत होती, हळू चालव बाबू, हळू चालव. मायचं ऐकलं नाही कधी. तुझं बरं ऐकन!"

मग मात्र हात थांबले.

"त्याले पुढंच जायचं राहे नेहमी. तू नसतं म्हटलं, तरी काढली असती त्यानं." आणि जरा वेळानं, "एवढं घेऊन बसली होती इतके दिवस? मले काहून नाही सांगितलं वं?"

आम्ही दोघी रडलो. निवडलेली मेथी आणि काड्या पुन्हा एक झाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं, की माझ्यासाठी त्या तसं म्हणाल्या, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी दिलं ते मी घेतलं. त्या दुपारी मी दोन तास गाढ झोपले.

शेवटच्या तपासणीत सकाळचा चढ थोडा दिसला. दोन तपासण्यांवरून फार अर्थ काढू नका, असं डॉक्टर म्हणाल्या. मी काढत नाही. मात्र गेल्या आठवड्यात बसनं वाडीला गेले. गोदामांपाशी एका ट्रकचा ब्रेक फुसकला. छातीत धडधडलं, दांडा घट्ट धरला, आणि एका गोदामाची पाटी पूर्ण वाचून होईपर्यंत सगळं शांत झालं. माझ्या थांब्यावर मी उतरले.

काल सकाळी डबा ओट्यावर होता.

"नळ्या गेल्या ना? आण, तुले भाजी भरते," सासूबाई म्हणाल्या.

"तीनदा घासलाय, आई."

"थुंकीचा डबा तो. चौथ्यांदा घास."

मी घासला.