दसऱ्याआधीची वाट

मी घर सोडलं त्या सकाळी बा पुढे चालत होता. माझी पत्र्याची ट्रंक त्याच्या डोक्यावर होती आणि मी मोकळ्या हातांनी त्याच्या मागून. आमच्या पाड्यापासून नेरळ स्टेशन तासाभराच्या वाटेवर. बा सवयीनं सांगत होता, "सुटा दगड." मी म्हणायचं, "हां." थोडं पुढे गेलं की, "डावीकडं निसरडं." "हां."

बा माथेरानच्या डोंगरावर खुर्ची वाहायचा. दोन बांबू, मध्ये खुर्ची, खुर्चीत कोणी साहेब किंवा शेठ, आणि खांदे द्यायला चार गडी. मागच्या दोघांना खुर्चीमुळे पायाखालचं दिसत नाही. म्हणून पुढचा बघून सांगतो आणि मागचे 'हां' म्हणून पोच देतात. पोच आली नाही तर पुढच्यानं थांबायचं, हा नेम.

स्टेशनाजवळ रस्ता सपाट झाला. तिथे ना दगड होते ना निसरडं, तरी बा सांगतच होता. गाडीसाठी आलेली चांगल्या कपड्यांतली माणसं बघत होती. मला लाज वाटली आणि शेवटच्या हाकेला मी पोच दिली नाही. बा थांबला, त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि मग तो एकही हाक न देता पुढे चालत राहिला.

हे मी पाड्यावर राहिलेल्या तुम्हां सगळ्यांसाठी लिहितोय, कोणीतरी वाचून दाखवेल या भरवशावर. माझ्यासारखे जे कल्याणला, ठाण्याला येऊन कारकून नाहीतर मास्तर झाले, त्यांच्यासाठीही लिहितोय. त्यांना हे जास्त लवकर कळेल.

कल्याणात मी शिकलो आणि मग एका वकीलसाहेबांच्या ओसरीवर कागदपत्रांच्या नकला करायला बसलो. पगार नावापुरता, जागा कच्ची. गावाला खाडीच्या चिखलाचा वास आणि रस्ते सगळे सपाट. चढाला सरावलेले पाय सपाटीवर दुखतात, हे मी कोणाला सांगितलं तर हसले असते. तसेही हसतच होते. बरोबरचे कारकून मला डोंगऱ्या म्हणायचे. "डोंगऱ्या, दौत भर. जपून, इथे कडा नाही हो, टेबल आहे."

त्यांची तोंडं बंद करायला मी माथेरानचं वर्णन करू लागलो. जांभळीच्या सावलीतल्या तांबड्या वाटा. एका टोकावरून समोर उभा राहिलेला प्रबळगड, दुसऱ्या टोकावरून खाली पसरलेला कल्याणपर्यंतचा मुलूख आणि त्यात वाकडीतिकडी खाडी. दरीतून वर येऊन अंगावरून जाणारे ढग. प्रत्येक कड्याला मी साहेबी थाटात 'पॉइंट' म्हणायचो. आमच्या घरात त्या जागांना कडा म्हणत, आणि गुरं तिकडे जाऊ देऊ नका एवढंच त्यांच्याविषयी बोलत. मी तिथे हवा खायला कधीच गेलो नव्हतो. गेलो होतो तो डोक्यावर मोळी घेऊन. पण हे मी ओसरीवर सांगितलं नाही.

वकीलसाहेबांनी ते ऐकलं आणि त्यांच्या मनानं घेतलं. धबधबे आटण्याआधी जायचं, म्हणजे दसऱ्याच्या आधी. "तुझे वडील तिथलेच ना? वाट कशी आहे?" त्यांनी विचारलं.

आमच्याकडची रीत तुम्हांला ठाऊक आहे, बाहेरच्यांसाठी लिहितो. पावसानं वाट धुपते, दगड सुटतात. म्हणून पाऊस उघडला की सगळे गडी मिळून वाट दुरुस्त करतात आणि दसऱ्यानंतर पहिली खुर्ची रिकामी वर नेतात. खुर्चीत फक्त नारळ असतो. खिंडीतल्या देवापुढे तो पुढच्या गड्यानं फोडायचा. त्याआधी माणूस बसवायचा नाही.

मी बाला पत्र घातलं. शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं उत्तर आलं, 'वाट अजून दुरुस्त केलेली नाही, दसऱ्याआधी नको.' ते पत्र मी कोटाच्या खिशात ठेवलं आणि वकीलसाहेबांना सांगितलं, "वाट पक्की आहे. वडिलांनीच बोलावलंय."

मग रविवारी पाड्यावर गेलो आणि बाला म्हणालो, माझी जागा कायम होणं तुझ्या हातात आहे. तो उठून मागचा गडी गोमाकाका याच्याकडे गेला. तिथे काय बोलला ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

दसऱ्याला आठ दिवस असताना बा आणि गडी वकीलसाहेबांना खुर्चीत बसवून निघाले. मी खुर्चीच्या बाजूनं चालत वकीलसाहेबांना ओहोळ दाखवत होतो. तिसऱ्या वळणावर बा ओरडला, "सुटा दगड." मागून "हां" आलं, मागचे जागच्या जागी थांबले, पण बाचा पाय त्याच दगडावर पडला होता. दगड गेला. बानं खांद्यावरचा बांबू सोडला नाही, सगळा भार घेऊन तो गुडघ्यावर आला. खुर्ची कलली, पण पडली नाही. वकीलसाहेबांना ओरखडाही आला नाही.

बाचा गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. माझी जागा कायम झाली.

तुम्ही विचारलंत तेव्हा बानं सांगितलं, मलाच घाई झाली होती, हंगामाचं पहिलं गिऱ्हाईक सोडवेना. तुम्ही ते खरं मानलंत. म्हाताऱ्याला हाव सुटली, देवाच्या आधी खुर्ची नेली, म्हणून गुडघा गेला, असं पाड्यावर बोललं जायचं. बाच्या कानावर ते जायचं. माझ्याही गेलं. मी बाला कल्याणला घेऊन आलो आणि लोक म्हणाले, मुलगा गुणाचा निघाला.

सहा वर्षं बा माझ्याकडे आहे. कल्याणात त्याला एकच चढ सापडला, खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्याचा. लंगडत रोज तो चढतो आणि मलंगगडाच्या मागे दिसणाऱ्या आपल्या डोंगराकडे बघत उभा राहतो. कचेरीतून येताना मला तो खालून दिसायचा. मी कधी वर गेलो नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी तो म्हणाला, "पैल्या खुर्चीला जायचंय."

दसरा झाल्यावर आम्ही गेलो. पायथ्याशी आता पुढचा गडी झालेला गोमाकाका आणि तिघे खुर्ची घेऊन उभे होते. गोमाकाका म्हणाला, "बस. तुला नेतो."

"मी काय शेठ हाय?" बा म्हणाला.

"मग रिकामीच न्यायची हाय." गोमाकाकानं माझ्याकडे पाहिलं. "का कल्याणकर बसतायत? पण हे पोट बघून आणखी दोन गडी बोलवाया लागतील."

सगळे हसले, मीही हसलो. मला पहिल्याच वळणाला दम लागला. बा काठी टेकत मागून येत होता आणि गडी त्याच्या चालीनं चालत होते. खिंडीत पोहोचलो. गोमाकाकानं खुर्चीतला नारळ उचलला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि सांगितलं. पत्राचं, जागेचं, वकीलसाहेबांशी खोटं बोललो त्याचं, सगळं. बाला हाव सुटली नव्हती, मला सुटली होती.

"कुणी इचारलं तुला?" बा म्हणाला. मी त्याला एवढा चिडलेला कधी पाहिला नव्हता.

गोमाकाका नारळ हातात घेऊन बाकडे वळला. म्हणाला, "माझ्या घरी येऊन म्हणालास, मला पैशाची नड हाय. सहा वर्षं आम्ही तुला काय काय बोललो. एकदा तरी सांगायचंस."

"पोरगा हाय माझा," बा म्हणाला.

गोमाकाकानं नारळ त्याच्या हातात दिला. बानं तो दगडावर फोडला. एका घावात फुटला नाही, तीन घाव लागले.

पुढच्या चढाला बा माझ्याशी बोलत नव्हता. गडी पुढे गेले, मी त्याच्या चार पावलं पुढे होतो. वाटेत एक दगड हलला आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "सुटा दगड."

मागून पोच आली नाही. मी थांबलो. वळून पाहिलं नाही. खूप वेळ उभा होतो.

"हां," बा म्हणाला. "चल पुढं."

आम्ही कल्याणला परतलो. तुमचं घर कुठलं, असं कोणी विचारलं की आजही मी गडबडतो. पाड्यावर मी पाहुणा आहे, कल्याणात डोंगऱ्या, आणि पाय दोन्हीकडे ठरत नाहीत. पण हल्ली कचेरी सुटली की मी दुर्गाडीवर जातो. बा मागे, मी पुढे. तिथे सुटे दगड फारसे नाहीत, तरी मी सांगत चालतो. खाली लोक बघतात, बघू देत. मागून पोच येते आणि मी पुढचं पाऊल टाकतो.