कॉर्बिनियनची पांढरी रेघ

जर्मनीतल्या मोसलिंग गावच्या चर्चची घंटा अडतीस वर्षं एकच माणूस वाजवत होता, कॉर्बिनियन. इतकी वर्षं घंटेखाली उभं राहून त्याचे कान कामातून गेले होते, पण वेळ कधी चुकली नव्हती. एकदा घंटा चार मिनिटं उशिरा झाली, तेव्हा गावाने आपापली घड्याळं मागे केली. कॉर्बिनियन चुकेल हे कोणाच्या मनातही आलं नाही, आणि त्यानेही कोणाला सांगितलं नाही.

मूळचा तो सुतार. डाव्या हाताचं अर्धं बोट सुतारशाळेतल्या यंत्राने खाल्लेलं, गुडघा दुखरा, आणि स्वभाव नियमाचा. कबरीवरची फुलं सुकली की तो नातेवाइकांना चिठ्ठी पाठवायचा. एका चुलतभावाला त्याने अशा अकरा चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, आणि ती कबर दोघांच्याही आजोबांची होती.

अशा माणसाच्या गळ्यात नोव्हेंबरच्या दोन तारखेला चर्चच्या मंडळाने टेस्फालेमला बांधलं.

टेस्फालेम इरिट्रियाचा, तिशीच्या आतला, उंच आणि अतिशय शांत. समुद्र ओलांडून आला तेव्हा त्याच्या बोटांचे ठसे इटलीत घेतले गेले होते. युरोपच्या सत्तावीस देशांचा आपसात करार असा, की ज्याच्या दारात माणूस पहिल्यांदा मोजला जातो, त्यानेच त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं. म्हणून जर्मनीने त्याला परत इटलीला धाडायचं ठरवलं. इटलीत तो दोन हिवाळे एका पुलाखाली झोपला होता आणि पुन्हा जायला तयार नव्हता. मात्र त्याच करारात असंही आहे की सहा महिन्यांत माणूस धाडला गेला नाही, तर तो आहे तिथेच त्याचं ऐकावं लागतं. आणि चर्चच्या आवारात शिरून पोलीस सहसा कोणाला उचलत नाहीत. म्हणजे टेस्फालेमने तीस एप्रिलपर्यंत आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, एवढंच काय ते काम होतं.

कॉर्बिनियनला हे समजावून सांगायला मंडळाला दोन तास लागले.

"बोटं टेकली तिथला माणूस?" तो म्हणाला. "माझं अर्धं बोट सुतारशाळेत राहिलंय. मग मी तिकडचा का?"

"कॉर्बी, आम्ही केलाय का हा करार?"

"मग ज्यांनी केला त्यांना विचारा. आणि आवार म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत? वितीत सांगा."

ते कोणालाच सांगता येईना. तेव्हा कॉर्बिनियनने जमीनमोजणीच्या कचेरीतून नकाशा आणला, फुटबॉलच्या मैदानावर चुना ओढायचं यंत्र मागून घेतलं आणि चर्चभोवती पांढरी रेघ मारली. कब्रस्तान आत, बाकडं आत, सफरचंदाचं झाड निम्मं आत. रेघ मारत मारत तो स्वतःच्या घरापाशी आला आणि नकाशा उलटसुलट करून बघत बसला. घर चर्चला चिकटून होतं, आणि हद्द बरोबर त्याच्या स्वयंपाकघराच्या मधून जात होती. टेबल चर्चचं, चूल गावाची.

त्याने चुना ठेवला, पांढरा रंग आणला आणि फरशीवर रेघ मारली.

त्याची बायको बुर्गी बाजारातून आली आणि पिशवी हातात धरून उभी राहिली.

"हे काय आहे?"

"हद्द."

"चाळीस वर्षं मी ही फरशी पुसतेय."

"मग आता रेघ सोडून पूस," कॉर्बिनियन म्हणाला आणि रंग वाळेपर्यंत घंटेच्या मनोऱ्यात जाऊन बसला.

तेव्हापासून टेस्फालेम टेबलाशी बसायचा आणि बुर्गी चुलीपाशी उभी राहून त्याच्या पुढ्यात ताट सरकवायची. तेही सुखासुखी नाही. मार्चमध्ये त्याचा उपास लागला: मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, पंचावन्न दिवस. मोसलिंगमध्ये ज्याला उपास म्हणतात त्यात शुक्रवारी डुकराऐवजी मासा खातात. मोसलिंगचा ईस्टर झाला, हॅम झालं, रंगवलेली अंडी झाली, तरी टेस्फालेमचा ईस्टर यायचाच होता.

"बाबा रे, येशू उठून महिना होत आला," बुर्गी म्हणायची. "तुला कोणी कळवलं नाही का?"

"आमच्याकडे अजून उठायचाय, आई."

मग ती पुटपुटत मसुरातला सॉसेज एकेक वेचून कॉर्बिनियनच्या ताटात टाकायची.

दर गुरुवारी क्विरिन यायचा. क्विरिन बुर्गीचा भाचा, शेजारच्या हाउनडॉर्फचा, आणि दोन्ही गावांवरचा पोलीस. तो गणवेशात चुलीच्या बाजूला बसून कॉफी प्यायचा, टेस्फालेम टेबलाच्या बाजूला बसून पाव खायचा आणि दोघे रेघेवरून फुटबॉलवर वाद घालायचे. निघताना क्विरिन वही काढायचा.

"काका, आत आहे ना?"

"दिसतंय की. आत."

"त्याचं कोपर बाहेर आलंय," बुर्गी एकदा म्हणाली. तिला कधी कुठे काय बोलावं ते कळायचं नाही.

क्विरिनने कोपराकडे बराच वेळ पाहिलं. "कोपराबद्दल कागदात काही नाही," असं म्हणून त्याने केकचा आणखी एक तुकडा घेतला.

एप्रिल लागला आणि खांबाचे दिवस आले. एक मेला गावोगावी उभा करतात तो खांब, तीस मीटरचा, पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचा. त्याआधी शेजारच्या गावाने तो चोरायचा आणि खंडणीत बियर घेऊन परत करायचा, अशी रीत आहे. रीत असल्याने नियमही आहेत. खांब गावाच्या नावाच्या पाटीपलीकडे गेला तर गेला. त्याआधी गावच्या माणसाने खांबावर हात ठेवून "खांब इथेच राहणार" म्हटलं, की चोरांनी तो मुकाट्याने खाली ठेवायचा.

एकोणीस वर्षांपूर्वी राखणीला कॉर्बिनियन होता. बाराची घंटा वाजवायला गेला आणि परत आला तर खांब नाही. तेव्हापासून हाउनडॉर्फचा कोणीही रस्त्यात भेटला की टोपी काढून विचारायचा, "काय कॉर्बी, किती वाजले?" एकोणीस वर्षं हे ऐकून घेणं सोपं नसतं. आता गावच म्हणालं, एवीतेवी एकाची राखण करतोच आहेस, खांबाचीही कर. त्याला आभाळ ठेंगणं झालं. हिवाळाभर त्यानेच तो खांब तासला होता, आणि यंदा तो गेला तर आपल्याला गावात तोंड दाखवायला जागा नाही, असं तो टेस्फालेमला रोज सांगायचा. त्याने टेस्फालेमला सगळे नियमही शिकवले, म्हणी पाठ करून घ्याव्यात तसे.

अठ्ठावीस एप्रिल, रविवार. दोन दिवस राहिले होते. बुर्गीसकट सगळं गाव बँडच्या स्पर्धेला तालुक्याला गेलं होतं. कॉर्बिनियनने भाजलेलं डुक्कर आणि बटाट्याचे चार गोळे खाल्ले, रेघेपलीकडच्या कोठारात खांबाशेजारी खुर्ची टाकली, सुतळीचं एक टोक खांबाला आणि दुसरं स्वतःच्या अंगठ्याला बांधलं आणि पाच मिनिटांत घोरायला लागला.

टेस्फालेम स्वयंपाकघराच्या खिडकीत होता, समोर कोठाराचं उघडं दार. हाउनडॉर्फचे बारा जण दोन ढकलगाड्या घेऊन आलेले त्याला दिसले. एकाने वाकून सुतळी हळूच कापली. खांब गाड्यांवर चढला.

"बाबा!" टेस्फालेम ओरडला.

त्या कानांना काय ऐकू येणार? घंटा वाजवावी तर मनोऱ्याची किल्ली कॉर्बिनियनच्या खिशात. टेस्फालेमने टेबलावरच्या पातेल्यातला बटाट्याचा गोळा उचलून मारला. तो भिंतीला चिकटला. दुसरा चोरांतल्या एकाच्या टोपीवर बसला आणि बाराही जण खदखदून हसले. तोवर खांब कोठाराबाहेर पडून पाटीकडे निघालाही होता. तिसरा गोळा मारून टेस्फालेमने तो कुठे पडला हे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीतून उडी मारून तो रेघेवरून सरळ पळत गेला आणि पाटीच्या पाच पावलं अलीकडे त्याने खांबावर हात ठेवला.

"खांब इथेच राहणार," तो म्हणाला. उच्चार थेट कॉर्बिनियनचा.

तिसरा गोळा कॉर्बिनियनच्या कपाळावर बसला होता. तो धडपडत, लंगडत रस्त्यावर आला तेव्हा बारा जण, खांब आणि टेस्फालेम असे सगळे जागच्या जागी उभे होते. चोरांचा म्होरक्या डोक्यावरून टोपी काढत होता. तो क्विरिन होता, गणवेशाऐवजी सणाच्या चामड्याच्या चड्डीत.

"याचा हात चालत नाही," एक दाढीवाला म्हणाला. "गावचाच माणूस लागतो."

"सहा महिने राहतोय की इथे," दुसरा म्हणाला.

"तो चर्चमध्ये राहतोय. गावात कुठे राहतोय?"

"मग गावात नाही म्हणतोस, तर आत्ता उभा कुठे आहे?"

हे बोलून झाल्यावर सगळ्यांनाच कळलं की आपण काय बोललो. बाकीचे अकरा जण क्विरिनकडे पाहू लागले. क्विरिन कॉर्बिनियनच्या कानाशी वाकला.

"काका," तो हळूच म्हणाला, "हात लागला असेल तर खांब तुमचा. पण मग ते वहीत लिहावं लागेल. आमच्या खांबमंडळाच्या वहीत, आणि सोमवारी माझ्या वहीतही. एका वहीत पाहिलं आणि दुसऱ्या वहीत नाही पाहिलं, असं मला नाही करता येणार."

कॉर्बिनियनने खांबाकडे पाहिलं. यंदा त्याच्यावर एक गाठ दिसत नव्हती, इतका सुरेख तासला होता. हाताखाली तो कसा गुळगुळीत लागतो हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं.

"कुणाचा हात?" तो म्हणाला. "मी झोपलो होतो. इथे कोणी आलेलं नाही."

"बाबा, मी आहे की," टेस्फालेम म्हणाला. "मी वेळेवर—"

"तू गप्प बस. तू तिकडे स्वयंपाकघरात आहेस."

"पण हात तर मी—"

"मसूर खातोयस."

"बाबा, खांब जाईल."

"मसूर!" कॉर्बिनियन इतक्या जोरात ओरडला की कब्रस्तानातले कावळे उडाले.

क्विरिनने टोपी पुन्हा घातली. "आपण चोर आहोत," तो आपल्या लोकांना म्हणाला. "चोरांनी इकडेतिकडे बघायचं नसतं. सगळे पाटीकडे तोंड करा."

बारा जणांनी पाठ फिरवली. कॉर्बिनियनने टेस्फालेमचा दंड धरला आणि त्याला ओढत आवारात नेलं. दुखऱ्या गुडघ्याने माणूस इतका वेगात चालू शकतो हे त्यालाही त्या दिवशीच कळलं. रेघेच्या आत त्याला ढकलून कॉर्बिनियन कोठारात परत आला, खुर्चीत बसला, कापलेली सुतळी मांडीवर घेतली आणि डोळे मिटून घोरू लागला. घोरणं अगदीच खोटं होतं. मागून गाड्यांची चाकं करकरत पाटीपलीकडे जाताना त्याला ऐकू आली नाहीत, पण गेली हे त्याला कळलं, आणि घोरता घोरता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळी बँडच्या स्पर्धेतून गाव तिसरा नंबर मिळवून आनंदात परतलं, तर कोठार रिकामं. मग काय विचारता. कॉर्बिनियनला जे ऐकावं लागलं त्यातलं निम्मं त्याच्या कानांनी अडवलं, उरलेलं बुर्गीने पुन्हा एकदा मोठ्याने सांगितलं. खंडणी ठरली: दोनशे लिटर बियर आणि हाउनडॉर्फच्या सगळ्या मंडळाला जेवण. या सगळ्यात कपाळावरचं टेंगूळ कसलं, हे कोणी विचारलं नाही. टेस्फालेम दोनदा काही सांगायला उठला आणि दोन्ही वेळा कॉर्बिनियनने त्याचा पाय चेपला.

तीस एप्रिलला क्विरिन गणवेशात आला, त्याने शेवटचं "आत" लिहून घेतलं आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी खांब खंडणी देऊन परत आला, उभा राहिला आणि टेस्फालेमने तो उभा करताना सगळ्यांबरोबर दोर ओढला.

अंधार पडायच्या आधीच गुत्त्यात गावसभा भरली. पुढच्या वर्षीच्या राखणीचा विषय निघाला.

"कॉर्बी नको," सरपंच म्हणाला. "दोनदा राखणीला बसला, दोनदा खांब गेला. माणूस चांगला आहे, पण झोप फार."

"मग कोण?"

"टेस्फाला द्या. सहा महिने एका जागी राहिला, एकदाही इकडचं पाऊल तिकडे केलं नाही. राखणीला असाच माणूस हवा."

टेस्फालेमने मान खाली घातली. कॉर्बिनियनने बियरच्या मगात तोंड खुपसलं.

"पण राखणदार गावचाच लागतो ना?" मागून कोणीतरी विचारलं.

सरपंचाने चष्मा वर करून त्या दिशेला पाहिलं. "मग तो काय हाउनडॉर्फचा आहे?" तो म्हणाला.

ठराव मताला टाकला गेला: कॉर्बिनियन राखणीला नालायक, त्याच्या जागी गावचा टेस्फालेम. कॉर्बिनियनने सगळ्यांच्या आधी हात वर केला. मग दुसराही केला, अर्ध्या बोटाचा. बुर्गीने त्यातला एक ओढून खाली घेतला आणि म्हणाली, मत एकाला एकच असतं.