दादाचं वय आणि माझं मत

आमच्या घरात माणसं चार आणि मत एकच. ते माझं. आईबाबा नागपूरहून निघाले तेव्हा दादा नुकता चालायला लागला होता. मी नंतर इथे, अमेरिकेत नेपरव्हिलला जन्मले. त्यामुळे मी या देशाची नागरिक, आणि बाकीचे तिघं बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्डचा अर्ज केव्हाच झाला आहे, पण रांग हलत नाही. बाबा तिला फाइल म्हणतात. आमच्या घरात मोठ्याने भांडायचं नाही, शेजाऱ्यांशी वाद घालायचा नाही, गाडी जोरात चालवायची नाही, कारण फाइल चालू आहे.

बाबांकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे आणि आई बारावी शिकली आहे. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेली घरातली पहिली मी. हे सांगताना मला अजून अवघडल्यासारखं होतं, कारण दादा माझ्यापेक्षा हुशार आहे. माझं सगळं गणित त्यानेच करून घेतलं. पण त्याच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, बहुतेक स्कॉलरशिपही मिळत नाहीत, म्हणून तो घराजवळच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जात होता. मला स्कॉलरशिप मिळाली आणि मी विस्कॉन्सिनच्या युनिव्हर्सिटीत आले.

त्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. आमचं घर आहे त्या इलिनॉयमध्ये कोण जिंकणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, त्यामुळे तिथे मतदाराला कोणी फारसं विचारत नाही. विस्कॉन्सिनमध्ये निकाल थोडक्या मतांवर फिरतो. विद्यार्थ्याला कॉलेजच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं, आणि आमच्यासारखे हजारो विद्यार्थी एकाच गावात राहतात. हे दोन्ही पक्षांना कळलेलं होतं. लायब्ररीसमोर रोज टेबलं लागायची. डोनट असायचे, स्टिकर असायचे, एकदा तर कुरवाळायला कुत्र्याची पिल्लं आणली होती. मी पिल्लू मांडीवर घेऊन बसले आणि उठेपर्यंत माझं नाव नोंदवून झालं होतं. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, मत घेतलंय की पिल्लू दिलंय?

आईला मताचं फार आहे. तिच्या माहेरी, वस्तीत, मत द्यायला जाताना माणसं इस्त्रीचे पांढरे कपडे घालत. ती ‘मतदान’ हा शब्द वापरत नाही. दान आपल्याकडे जास्त असलेल्याचं करतात, हा तर हक्क आहे, असं तिचे वडील तिला सांगायचे. ती मत ‘देते’ म्हणते. इथे आल्यापासून तिने ते दिलेलं नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात दादा वीस पूर्ण करून एकविसाव्या वाढदिवसाच्या दिशेने निघाला होता. नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाचं मूल एकवीस वर्षांचं झालं की ते मूल राहत नाही. त्याचं नाव आईबापांच्या फाइलमधून गळतं, आणि दुसरा व्हिसा मिळाला नाही तर त्याला देश सोडावा लागतो. इंग्रजीत याला ‘एज आउट’ होणं म्हणतात. आईने याचं मराठी करून फोनवर नागपूरच्या मावशीला सांगितलं, “काय सांगू तुला, त्याचं वय उलटतंय गं. फार घोर लागलाय.”

मावशी हादरली. विशीतल्या मुलाचं वय उलटायला लागलं म्हणजे अमेरिकेत काहीतरी भलतंच चाललंय असं तिला वाटलं असणार. दोन दिवसांत आईच्या व्हॉट्सॲपवर मुलींचे बायोडेटा यायला लागले. एक फार्मसी केलेली, एक बँकेत असलेली, एकीच्या फोटोमागे चक्क विहाराचं फाटक. मी शनिवारी घरी गेले तेव्हा दादाने सगळे मोठ्याने वाचून दाखवले. “मला ही चालेल, हिला स्विमिंग येतं,” असं तो म्हणाला आणि आम्ही दोघं खूप हसलो. मग बघितलं तर आई सिंकसमोर उभी राहून रडत होती.

हे सगळं मी कॅम्पसवरच्या एका मुलीला सांगितलं, ही चूकच झाली म्हणा. ती एका उमेदवाराच्या प्रचारात विद्यार्थ्यांचं काम बघायची. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, सदा घाईत, पण मनाने चांगली. मी तिच्या टेबलावर संध्याकाळी फोन करायला बसत असे. भारतीय आडनावाचे मतदार माझ्या वाट्याला यायचे. त्यातले अर्धे काका पहिल्यांदा माझं पूर्ण नाव विचारायचे, मग मूळ गाव, आणि मग एकदम त्यांना कामं आठवायची. तिला बायोडेट्याची गोष्ट सांगितली तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून हसली. मग म्हणाली की उमेदवार कॅम्पसवर येतायत, काही विद्यार्थ्यांशी गोलटेबल गप्पा आहेत, तू बस. हीच गोष्ट सांग.

मी विचारलं, प्रश्न विचारता येईल का. ती म्हणाली, अर्थात.

त्या रविवारी मी घरी फोन केला. बाबा म्हणाले, “बेटा, तू बस हवं तर. पण आपलं नाव नको. आपली फाइल चालू आहे.”

मी म्हटलं, “बाबा, फाइल चालू नाहीये. ती पडून आहे.”

बाबांना मी असं कधी बोललेले नव्हते. फोन दादाने घेतला. तो म्हणाला, “विचार तू. मी बाबांना बघतो.” मग म्हणाला, “नीट विचार हं, यार. अडखळू नको.”

मी अडखळते. लहानपणापासून. अनोळखी माणसांसमोर वाक्याचा पहिला शब्द तोंडातून सुटत नाही. म्हणून मी खोलीत आरशासमोर प्रश्न पाठ केला. प्रश्न साधा होता. या देशात वाढलेली मुलं एकविसाव्या वाढदिवसाला फाइलमधून गळतात, ती गळू नयेत म्हणून तुम्ही काय करणार, आणि केव्हा?

गोलटेबलाच्या दिवशी कॅमेरे इतके होते की टेबल दिसत नव्हतं. उमेदवार आले, प्रत्येकाशी हात मिळवला, प्रत्येकाचं नाव एकदा उच्चारून बघितलं. माझी पाळी आली. मी वय उलटण्याची गोष्ट सांगितली, बायोडेटा सांगितले, आणि सगळे हसले. उमेदवारही मनापासून हसले. हसू ओसरल्यावर मी प्रश्न विचारला. अडखळले, पण विचारला.

त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी माझ्या आईचं कौतुक केलं. आपलं राष्ट्र स्थलांतरितांनी उभं केलं, हे सांगितलं. तुमच्यासारख्या तरुणांमुळे मला आशा वाटते, म्हणाले. आणि पुढच्या मुलाकडे वळले.

पण पहिला शब्द या वेळी आपोआप सुटला. मी म्हटलं, “सर, हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.”

ते पुन्हा माझ्याकडे वळले आणि म्हणाले की हा विषय गुंतागुंतीचा आहे, माझी टीम तुमच्याशी बोलेल. मी म्हटलं, थँक यू. थँक यू का म्हटलं, ते मला आजही कळत नाही.

दोन दिवसांनी व्हिडिओ आला. त्यात मी होते. वय उलटलं, मावशी, फार्मसीवाली मुलगी, सगळ्यांचं हसणं. त्याला लागून उमेदवारांचं आशेचं वाक्य, आणि मी मान डोलावतेय. प्रश्न नव्हता. माझं ‘हे उत्तर नाही’ नव्हतं. खाली हजारो लोकांनी हृदयं टाकली होती. नागपूरला तो माझ्याआधी पोचला. मावशीने आईला कळवलं की पोरगी छान दिसते, केस मात्र बांधायला हवे होते, आणि मुलाचं जमलं का कुठे.

दादाने फक्त लिहिलं, “मी फेमस झालो. पण मी आहे कुठे त्यात?”

मी प्रचारातल्या त्या मुलीकडे गेले. मला भांडता येत नाही, म्हणून मी नुसती उभी राहिले. तीच बोलत होती. व्हिडिओ छोटाच लागतो, धोरणाचं कोणी बघत नाही, माणसांना गोष्ट आवडते, आणि हे सगळं कापणारी माणसं दुसऱ्या शहरात बसतात. मग तिने विचारलं की आज संध्याकाळी फोनला येतेस ना, शेवटचे आठवडे आहेत, तुझ्या वयाच्या मुलांच्या मतांवर सगळं अडलंय.

तिने ते अगदी खरं सांगितलं होतं, आणि ते ऐकूनच मला बोलता आलं. मी म्हटलं, “अडलंय ना? मग उत्तर लिहून द्या. ते मिळालं की मी येईन. तोपर्यंत माझं मत गृहीत धरू नका.”

ती म्हणाली, समोरचा जिंकला तर तुझ्या भावाचं आणखी वाईट होईल, हे तुला माहितीये ना. मला माहीत होतं. ही धमकी मला तेव्हापासून बऱ्याच जणांनी प्रेमाने दिली आहे. रविवारच्या वंदनेला शाळेच्या हॉलमध्ये एका काकांनी दिली, माझ्या प्रोफेसरांनी दिली. आपलाच म्हणवणाऱ्याला प्रश्न विचारायचा नाही, कारण दुसरा त्याहून वाईट आहे. मग विचारायचा कधी? आमच्या मतांची एवढी गरज असतानाच विचारायचा. नोव्हेंबरनंतर आम्हाला पिल्लं कोण आणून देणार आहे?

मी तोच प्रश्न आठ वाक्यांत लिहून माझ्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर स्वतःच बोलले. अडखळण्यासकट. दादाला विचारून त्याचं वय सांगितलं, नाव नाही सांगितलं. तो व्हिडिओ फार लोकांनी पाहिला नाही. पण दूरच्या शुगर लँड गावच्या एका मुलाने पाहिला, त्याची बहीण पुढच्या महिन्यात एकवीस होत होती. पार्सिपनी गावच्या एका मुलीने पाहिला, ती स्वतःच एकवीस झाल्यावर देश सोडून परत विद्यार्थी म्हणून आली होती. आमच्या कॅम्पसवरचेही काही निघाले, आणि ते भारतीयच होते असं नाही. टेबलावर डोनट घेताना प्रत्येक जण तोच प्रश्न विचारायला लागला. टेबलावरच्या मुलांना उत्तर माहीत नसायचं, ती वर विचारायची.

निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यात मला त्या टीममधल्या एका माणसाचा फोन आला. त्याने बराच वेळ ऐकून घेतलं, मध्ये प्रश्नही विचारले. त्याला विषय खरंच माहीत होता. शेवटी म्हणाला की उमेदवारांच्या भाषणात एक ओळ घालायचा प्रयत्न करतो. मी विचारलं, ओळ कोणती? ‘इथे वाढलेल्या सर्व मुलांसाठी’, तो म्हणाला. मी म्हटलं, ती कोणालाही लागू होते. तो हसला आणि म्हणाला, म्हणूनच ती घालता येते.

ओळ आली. मी ऐकली. आमच्यामुळे आली हे मला ठाऊक आहे, आणि ती पुरेशी नव्हती हेही. दोन्ही गोष्टी मी सोडणार नाही.

मत द्यायच्या दिवशी दादा नेपरव्हिलहून गाडी घेऊन आला. मी त्याला बोलावलं नव्हतं. पांढरा इस्त्रीचा शर्ट आईने माझ्यासाठी पाठवला होता, तो त्याने हँगरला लावून आणला. मी तो जॅकेटच्या आत घातला. रांग इमारतीला वळसा घालून गेली होती, सगळी माझ्या वयाची मुलं, कोणी पायजम्यात, कोणी पुस्तक वाचत. दादा आत आला नाही. दारापर्यंतही आला नाही. फाइल चालू आहे ना. तो समोरच्या फुटपाथवर थंडीत उभा राहिला. एका स्वयंसेवकाने त्याला विचारलं, मत दिलं का? त्याने मान हलवली. त्या माणसाने त्याला सुनावलं की तुमच्यासारख्या तरुणांनी घरी बसून चालणार नाही. दादा त्याला म्हणाला, “माझी बहीण आत आहे.”

मी बाहेर आले तेव्हा फोनवर प्रचारातल्या त्या मुलीचा मेसेज होता. मत दिलंस ना आम्हाला? मी तिथेच उभी राहून लिहिलं की मत दिलं. कोणाला, ते तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर द्याल त्या दिवशी सांगेन.

दादा आता विद्यार्थी व्हिसावर आहे. तो मिळवण्यासाठी त्याला लिहून द्यावं लागलं की आपलं कायमचं घर नागपुरात आहे आणि शिक्षण संपताच आपण तिथे परत जाऊ. पत्ता मावशीचा दिला. ज्या घरात तो दोन सुट्ट्यांपलीकडे राहिलेला नाही, ते त्याचं कायमचं घर.

मत दिलं त्या दिवशी परतताना गाडीत तो म्हणाला, “मला तरी सांग.”

त्याला सांगितलं. इथे सांगणार नाही. प्रश्न अजून तसाच आहे, आणि पुढच्या निवडणुकीतही मी विस्कॉन्सिनमध्येच असेन.