चोरून रुजणारं पान

शेजारच्या मंदाताईंच्या दाराशी सक्युलंटची एक कुंडी आहे. तिची जाड, मेणासारखी पानं मी जाता-येता पाहत असतो. तसंच झाड आमच्याकडे होतं, माझ्या पत्नीने लावलेलं. ती गेल्यावर मी त्याला रोज पाणी घालत राहिलो आणि ते कुजलं. इतक्या मायेने झाड कसं मरतं, ते मला अजून कळलेलं नाही.

"हे वहिनींच्याच झाडाचं," काल मंदाताई म्हणाल्या. "चोरलेलं पान लवकर रुजतं म्हणतात, म्हणून मी चोरलं होतं. वहिनी बघून न बघितल्यासारखं करायच्या."

"मग मला एक पान द्या ना."

"दिलेलं रुजत नाही, भाऊजी. मी आत जाते. तुम्ही चोरा."

त्यांनी दार लोटून घेतलं. मातीवर ठेवलेल्या पानातून नवं रोप फुटतं आणि ते पान स्वतः सुकून जातं. मग या झाडात तिच्या हातचं काय उरलं असेल? काहीच नसेल, तर मला याच झाडाचं पान का हवं होतं? एक पान खुडून मी मुठीत धरलं.

"घेतलंत का, भाऊजी?" आतून आवाज आला.

मी मूठ खिशात घातली आणि चोरासारखा पाय न वाजवता घरी आलो.