कान घ्या, ओठ ठेवा

आमच्या बँडमास्तरांना डावीकडून हाक मारली की ते ओ देत नसत. उदगीरात सगळे याला माज म्हणायचे. आणि मास्तर आता नाहीत म्हणून स्पष्ट बोलतो, माज होताच. त्यामुळे कानाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. क्लॅरिनेट ओठाला लागलं की हा पाच फूट दोन इंचांचा माणूस कलेक्टरच्या थाटात उभा राहायचा. मी डी.एड. होऊन नोकरीची वाट बघत तीन लग्नसराया त्यांच्या बँडात खुळखुळा वाजवला. बँडात ज्याला काहीच येत नाही त्याच्या हाती खुळखुळा देतात. "गुरुजी, तुमच्यावाचून काई अडत न्हाई," ते मला सांगायचे, "पण रांगेत एक टोपी कमी दिसती."

आमच्याकडे मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाचा परण्या निघतो. पुढे मास्तर, मागे आम्ही, आमच्यामागे नाचणारे आणि शेवटी घोड्यावर नवरदेव. वाट कुणी विचारत नाही. क्लॅरिनेट जाईल तिकडे वऱ्हाड जातं. माझ्या तिसऱ्या वर्षी मास्तर चालताना डावीकडे झुकायला लागले होते. औशातल्या एका लग्नात ते असेच झुकत झुकत, डोळे मिटून वाजवत डाव्या गल्लीत वळले आणि आम्ही सव्वाशे माणसं परक्याच मांडवात शिरलो. तिथल्या बायकांनी आमच्या नवरदेवाला ओवाळलंसुद्धा! त्यांचा स्वतःचा नवरदेव दारात आला तेव्हा कुठे भानगड उघडी पडली. दोन्हीकडचे मामा एकमेकांच्या गचांडीला धरत होते आणि आमचे मास्तर म्हणतात, "मांडव चुकीच्या जागी घातलाय. त्याला मी काय करू?"

त्यानंतर काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, त्यांना लातूरला नेलं. सोबत मी, कारण रिकामा मीच. कानाच्या डॉक्टरांनी तपासून एमआरआय सांगितला. मास्तर मशीनमधून बाहेर आले ते चिडूनच. "आत कोन ठोकून राहिलाय त्याला लय कशाशी खातेत ते ठाव न्हाई." फोटोत दिसलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. डाव्या कानाच्या नसेवर लिंबाएवढी गाठ, आणि ती आत मेंदूच्या देठाला रेटून बसलेली. कॅन्सरची नव्हती, पण बसल्या जागी जीव घेईल इतकी मोठी होती. काकू बाहेरच्या बाकावर गपकन बसल्या.

मेंदूचे सर्जन बिचारे समजुतीचे होते. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. गाठ लहान असती तर नुसत्या रेडिएशनवर भागलं असतं, ही कापावीच लागेल. डावा कान गेला म्हणून समजा. पण चेहरा हलवणारी नस गाठीवरच ताणून पसरली आहे. गाठ पुरती खरवडायला गेलो तर तोंड कायमचं वाकडं होऊ शकतं.

मास्तरांनी पिशवीतून क्लॅरिनेट काढलं, जोडलं आणि तिथेच, डॉक्टरांच्या टेबलासमोर वाजवायला लागले. बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले. नर्स ओरडत आली आणि ऐकत उभी राहिली. वाजवून झाल्यावर मास्तर म्हणाले, "साहेब, कान घ्या, ओठ ठेवा."

डॉक्टरांनी ते चित्र पुन्हा पुढे ओढून गाठीच्या कडेला एक रेघ मारली. मग म्हणाले, नसेला चिकटलेला पापुद्रा तसाच ठेवतो, उरलेलं काढतो. राहिलेल्याला पुढे रेडिएशन देऊ. पण ओठाची हमी देत नाही.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दिवेलागणीला संपलं. जीव वाचला. नस शाबूत होती, पण सुजलेली, त्यामुळे डावा गाल लोंबला आणि डोळा मिटेना. चहा ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर यायचा. सहा महिन्यांनी हैदराबादला रेडिएशन झालं. डोक्याला लोखंडी चौकट स्क्रूने आवळलेली असताना हा माणूस मला म्हणतो, "गुरुजी, आता मला ढोलावानी कसलंय बघा. ठोकून सूर बघता का?" ना चिरा, ना टाका, दिवसभराचं काम. तो पापुद्रा पुढे मास्तर हार्टने जाईपर्यंत तसूभर वाढला नाही. डॉक्टर खूश होते. मास्तर नव्हते, कारण ओठ निम्माच परत आला. क्लॅरिनेट तोंडाला लावलं की डाव्या कोपऱ्यातून वारा सुटायचा, फुस्स!

एकदा मी घरी गेलो तर आतून सूर ऐकू आला, चक्क पहिल्यासारखा. दारातून बघतो तर मास्तर खुर्चीवर बसून वाजवतायत आणि काकू शेजारी उभ्या राहून दोन बोटांनी त्यांच्या ओठाचा डावा कोपरा दाबून धरतायत. हीच बाई तीस वर्षं त्या आवाजाच्या नावाने खडे फोडत होती. मला बघून मास्तर कावले. "बाहेर सांगू नका. बायकोनं गाल धरून वाजवायचं? त्यापरीस डीजे लावतो आन् मरतो." बँड त्यांनी पुतण्याच्या हवाली केला.

मग मला धर्माबादेकडे नोकरी लागली आणि लगोलग लग्न ठरलं. माझ्या परण्याला मास्तर पाहुणे म्हणून आले होते. पुतण्या क्लॅरिनेट असं वाजवत होता की माझा घोडासुद्धा कान पाडून उभा राहिला. मास्तरांनी चौकापर्यंत सोसलं. चौकात पुतण्याच्या हातातून वाद्य ओढून घेतलं, ओठाला लावलं, आणि फुस्स. पुन्हा फुस्स. वऱ्हाडात कुणीतरी हसलं. मास्तरांचा चेहरा असा पडला की मला घोड्यावरून उतरून पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून काकू आल्या. पदर खोचला, मास्तरांच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि भर चौकात त्यांचा गाल धरला. मास्तर "अगं, लोक..." म्हणाले. काकू म्हणाल्या, "वाजवा."

मास्तरांनी वाजवलं. अख्खा चौक थिजला. ताशेवाल्याच्या काड्या हवेतच थांबल्या. काकूंनी गाल न सोडता मान वळवली आणि आमच्यावर खेकसल्या, "काय बघून राहिलात सगळे? नाचा की!"