कंपनी गाव बघायला आली तेव्हा

ऐरोलीच्या ऑफिसात मी अकरा वर्षं काढली होती, आणि एका सोमवारी सकाळी आम्हाला सांगण्यात आलं की आमच्या टीमचं काम आता मुंबईच्या आसपास राहणार नाही. परदेशातल्या मुख्य ऑफिसनं ठरवलं होतं की लहान शहरात जायचं. जागा परवडते आणि माणसं टिकतात, हे कारण. माणसं टिकत नव्हती हे खरंच होतं. मी शिकवून तयार केलेली पोरं सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीत उडी मारायची, आणि त्यांच्या निरोपाचा केक कापायला पुन्हा मीच. दोन शहरं जवळपास नक्की झाली होती, नाशिक आणि दक्षिणेतलं एक. ज्याला जायचं त्यानं जावं, ज्याला जमणार नाही त्यानं तसं कळवावं.

मला जमणार नव्हतं. माझं सासर भिवंडीजवळच्या कोनचं, माहेर तिथल्याच वळचं. नवरा आणि सासरे मिळून कापड विणायच्या लूमचा कारखाना चालवतात. मुलगी तेव्हा चौथीत होती. नाशिकला एकटीनं राहून नोकरी करते म्हटलं असतं तर घरात कुणी आरडाओरडा केला नसता, पण मुलीला सोडून मीच गेले नसते. सकाळी सातला निघून रात्री नऊला घरी येणारी आई तिच्या वाट्याला आधीच आली होती. जातायेता मानकोलीच्या नाक्यावर कंटेनरच्या रांगेत बसून मी माझ्या आयुष्याची किती वर्षं घालवली ते देवाला ठाऊक. तरीही ती नोकरी माझी होती. माझ्या घरातली ऑफिसला जाणारी मी पहिली बाई, आणि ते मला सुटता सुटत नव्हतं. त्या आठवड्यात मी राजीनामा टाईप केला आणि न पाठवता ठेवून दिला.

मग मला राग आला. रागात मी बरीच कामं चांगली करते. कंपनीनं 'कुणाला काही सुचवायचं असल्यास' म्हणून एक फॉर्म पाठवला होता, असले फॉर्म कुणी भरत नाही. मी भरला. लिहिलं की तुमचं काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललंय. भिवंडीला या. इथून आणि कल्याणहून दरवर्षी पोरी बी.कॉम. होतात, त्यातल्या निम्म्या प्रवासाच्या भीतीनं घरी बसतात. ज्या जातात त्या माझ्यासारख्या, अकरा वर्षं टिकतात. कळशाचं इंग्रजी करताना घाम फुटला, म्हणून ते वाक्य शेवटी काढलं, बाकीचं तसंच गेलं.

दहा दिवसांनी बंगलोरहून फोन आला. कंपनीसाठी जागा शोधणारे एक साहेब होते. "भिवंडी म्हणजे ती गोडाऊनवाली ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो तीच, तुम्ही घरी मागवता ते सगळं आमच्याकडूनच येतं. ते हसले. मुख्य ऑफिसच्या एक बाई नाशिक बघायला येणारच होत्या, जाताजाता अर्धा दिवस आमच्याकडे यायला तयार झाल्या.

कोनला कल्याण रस्त्यावर एक नवी चार मजली इमारत रिकामी पडली होती. मालकानं हॉस्पिटल येईल म्हणून बांधली, हॉस्पिटल काही आलं नाही. तो दाखवायला एका पायावर तयार झाला. त्या रात्री जेवताना मी घरात सांगितलं. पाहुणे यायचे म्हणजे मुलगी बघायला येण्यासारखंच, फक्त इथं पोह्यांच्या जागी लिफ्ट आणि वीज बघणार. नवऱ्यानं काय काय विचारतील ते विचारलं. मी बोलता बोलता म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे, आपल्या लूमच्या आवाजाचं काय करायचं कोण जाणे."

सासरे ताटावरून उठले. हात धुतला आणि बाहेर गेले. माझ्या नोकरीबद्दल ते कधीच बोलत नसत. लग्नाच्या वर्षी एकदाच म्हणाले होते, "घरात काय कमी हाय?" आणि त्यानंतर अकरा वर्षं तो विषय त्यांनी काढला नव्हता. मी काय काम करते हेही त्यांनी कधी विचारलं नाही. मी समजून चालले होते की त्यांना आवडत नाही.

पाहुणे मंगळवारी आले. मी मानकोलीला त्यांच्या गाडीत बसले. फोनवरचे साहेब बारीक चणीचे, हातात कागदाचं पॅड. बाई उंच, पायात बूट, खिडकीतून सगळं बघत होत्या. रस्त्यानं त्या दिवशी माझी लाज राखली, पंचवीस मिनिटांत कोन आलं. मी गाडीतून उतरले आणि कान टवकारले.

गाव गप्प होतं.

जो कधी लूमच्या गावात राहिला नाही त्याला हे समजायचं नाही. आमच्याकडे वीज गेली की कुणी बल्बकडे बघत नाही, कानालाच कळतं. लूम रात्रंदिवस चालतात, सुट्टी फक्त शुक्रवारची. मंगळवारी सकाळी अकरा वाजता लूम बंद म्हणजे वीज नाही, दुसरा अर्थच नाही. आणि त्यांच्या यादीत पहिला प्रश्न विजेचा होता.

त्यात इमारतीच्या मालकानं भर घातली. लिफ्ट मध्येच अडकायला नको म्हणून त्यानं पाहुण्यांसाठी सकाळपासून जनरेटर चालू ठेवला होता. एरवी लूमच्या आवाजात तो कुणाला ऐकूही आला नसता, त्या दिवशी घुर्र घुर्र करत सगळ्या कोनला सांगत होता. साहेबांनी जिन्याखाली वाकून जनरेटर बघितला.

"इथं वीज बऱ्याचदा जाते का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. पण त्यांना ते पटेल असं मलाच वाटेना. ते म्हणाले, लूमचं शहर म्हणून वाचून आलो होतो, एकही चालू दिसत नाही. धंदा तरी बसला असेल नाहीतर वीज तरी नसेल. त्यांनी पॅडवर दोन ओळी लिहिल्या. बाईंनी घड्याळ बघितलं आणि तेच मला जास्त लागलं. इतके दिवस धरून ठेवलेली नोकरी माझ्या डोळ्यांदेखत त्या पॅडवर संपत होती.

मी बाजूला जाऊन नवऱ्याला फोन लावला. लाईट गेलीय का विचारलं.

"लाईट हाय," तो म्हणाला. "बाबांनी बंद ठेवलंय सगलं. काल कारखान्या-कारखान्यात फिरून सांगून आले. तू म्हणालीस ना, आवाजाचं काय करायचं."

"किती कारखाने?"

"आपल्या आळीतले आन् त्या इमारतीच्या बाजूचे सगले. बारा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता चालू करा. तो म्हणाला, "बाबा ऐकत न्हाईत. पावणे जाईस्तोवर बटन दाबायचं न्हाय म्हनतात."

मग मी जे खरं होतं ते पाहुण्यांना सांगितलं. तुम्हाला आवाजाचा त्रास नको म्हणून माझ्या सासऱ्यांनी आळीतले लूम थांबवलेत. साहेब सभ्य माणूस, नुसते हसले. पोटदुखीचं कारण सांगणाऱ्या मुलाकडे बघून मास्तर हसतात तसं. मी म्हटलं, पाच मिनिटं चालायची तयारी असेल तर दाखवते. बाई लगेच निघाल्या.

सासरे कारखान्याच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. लग्नाकार्याचा पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची चेन. आत कारीगर चहा पीत होते. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही असं सासऱ्यांनी आधीच सांगितलं होतं.

"बाबा, लूम चालू करा," मी म्हटलं. माझा आवाज चढलेला होता.

"पावणे गेले?"

"पावणे माझ्या मागं उभे आहेत."

ते उठून उभे राहिले. मी त्यांना सांगितलं, आवाज नाही म्हणजे वीज नाही असं समजलेत ते, सगळं बिघडलंय. त्यांचा चेहरा पडला. सत्तरीच्या माणसाचा चेहरा असा पडलेला बघवत नाही, पण मी रागात होते, आणि त्यांना तसंच उभं ठेवलं.

बाईंनी मला विचारलं, "त्यांनी हे का केलं, त्यांच्याच तोंडून ऐकायचंय." मी मराठीत विचारलं.

"का म्हंजे?" सासरे म्हणाले. "हिची नोकरी जाऊ नये म्हनून."

बाईंनी पुढचं विचारलं. सून काय काम करते, त्यांना माहीत आहे का? मला वाटलं आता संपलं. मी प्रश्न सांगितला आणि खाली बघितलं.

सासरे सांगायला लागले. तिकडं परदेशात कुणाची बायको बाळंत झाली तर त्याला किती सुट्टी, ते ही इथं बसून सांगते. कुणी म्हातारा झाला, काम सुटलं, तर त्याचं पेन्शनचं कागद ही करते. "लॉकडाऊनमधी आमचं लूम बंद होतं. हिची खोली माझ्या खोलीला लागून. पयल्यांदाच भिंतीतून ऐकू आलं. इंग्रजी मना कलत न्हाय, पन आवाज कलतो. एकदा कुनाचा तरी बाप मेला होता. मी नातीला इचारलं, आई काय बोलते? ती बोलली, आई त्याला सांगते, कागद मागाहून दे, आधी घरी जा. हिच्या वरच्या साहेबाला कागद त्याच दिवशी पायजे होते. ही त्याला न्हाय बोलली. दोनदा न्हाय बोलली. मना वाटलं, ही आपल्या घरातली हाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, मी चांगलं काम करते."

बाई म्हणाल्या, "ते बराच वेळ बोलले. एवढंच नसणार."

मग मी सगळं सांगितलं. स्वतःचं कौतुक स्वतःच भाषांतर करून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. बाप मेला होता त्या वाक्याशी मला उघड उघड रडू आलं. राग केव्हाच उतरला होता. अकरा वर्षं मी या माणसाबद्दल चुकीचं समजून बसले होते, आणि मघाशी त्याच्यावरच ओरडले होते. साहेबांनी पॅड खाली केलं आणि कपाटातल्या कापडाच्या ताग्यांकडे बघत राहिले.

सासऱ्यांनी आत वळून कारीगरांना सांगितलं, "चलो, चालू करो सब." एक लूम लागला, मग दुसरा, मग सगळे चोवीस. ते ऐकून शेजारचा कारखाना लागला, मग पलीकडचा. बाईंनी दोन्ही कान झाकले, मग काढले, आणि आत जाऊन आडवं सूत घेऊन धोटा कसा पळतो ते वाकून बघितलं. तिथं बोलणं शक्यच नव्हतं. सासरे खुणेनंच त्यांना दाखवत होते.

इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पुन्हा गेलो तेव्हा जनरेटर बंद करायला लावला. दिवे जळत राहिले. खिडक्या लावल्या तरी लूम ऐकू येत होतेच. बाईंनी विचारलं, यात काम होईल? मी म्हटलं, या आवाजात आमची पोरं अभ्यास करतात आणि झोपतात, पण फोनवरच्या माणसाला ऐकू जाईल. खोटं कशाला बोलायचं. साहेब खिडकीपाशी गेले, काचेवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, दुहेरी काच लावावी लागेल. ज्याला मुलगी पसंत नसते तो तिच्या बांगडीचं माप विचारत नाही, एवढं मला कळत होतं. 

तीन आठवड्यांनी साहेबांचा फोन आला. मोठं ऑफिस नाशिकलाच होणार होतं. कोनला एक मजला, साठ खुर्च्या, एक वर्ष चालवून बघायचं. "माणसं टिकतील का, हे मी प्रत्येक शहरात विचारतो," ते म्हणाले. "सगळे मला तक्ते दाखवतात. स्वतःचा कारखाना बंद करून कुणी दाखवलं नव्हतं." त्या साठांत त्रेचाळीस पोरी भरल्या, बऱ्याचशा भिवंडीतल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या. वर्षानंतर काय होईल ते आजही मला माहीत नाही. पण पहिल्या तीन महिन्यांत एकही निरोपाचा केक कापला गेलेला नाही, आणि पुढचंही मला चांगलंच दिसतं.

ऑफिस सुरू झालं त्या पहिल्या दिवशी साडेपाचला काम संपलं. मी चालत निघाले आणि आठ मिनिटांत घरी पोचले. बाहेर लख्ख उजेड होता. कामाच्या दिवशी माझ्या घरात संध्याकाळ कशी असते हे मला माहीतच नव्हतं. ऊन ओट्यावर येतं, मुलगी दप्तर उघडून तिथंच बसते, सासरे शेजारी पेपर वाचतात. मला बघून मुलीनं पेन्सिल खाली ठेवली.

"आई, तू आत्ता कशी आलीस?"

"काम संपलं. आता रोज याच वेळेला येणार."

तिला ते खरं वाटलं नाही. ती उठली, मला खाली वाकायला लावलं आणि माझ्या कपाळाला, मग गळ्याला हात लावून बघितला. मी तिच्यासाठी करते तसाच, उलट्या हातानं. मग लूमच्या आवाजात ऐकू जावं म्हणून आजोबांना मोठ्यानं ओरडून सांगितलं, "आबा, ताप न्हाय हिला."